सीमाशुल्काचा नियम माल निघायच्या आधी सांगा, आणि आमच्या भाषेत सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली

विषय : बेळगाव, निपाणी, अथणी भागातल्या लहान उद्योजकांना आणि कारागिरांना आयात-निर्यातीचे नियम मराठी व कन्नडमधून समजावून मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या बेळगावात ‘सीमा’ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. शाळकरी पोरगंसुद्धा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्याकडे बोट दाखवेल. त्या सीमेबद्दल आमच्या घराघरात सत्तर वर्षं बोलणं चाललंय, आणि हे पत्र त्यासाठी नाही. माझा माल कोगनोळी ओलांडून कोल्हापूर, सातारा, पुणे करत न्हावा शेव्याच्या बंदरात पोचतो. तिथं त्याला जी सीमा लागते, तिच्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

उद्यमबागेत माझी मशीन शॉप आहे. अकरा माणसं काम करतात. इथल्याच फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर लावायचं, बोअर आणि ड्रिल मारायचे आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी तयार करून द्यायची, हे आमचं काम. वीस वर्षं मी जॉबवर्क केलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा थेट जर्मनीतून ऑर्डर आली, ४१२ नगांची. आमच्या पोरांनी त्या मालासाठी जीव ओतला. दोनशेव्या नगानंतर बोअरमध्ये किंचित फरक दिसायला लागला, तर आमच्या सेटरनं मी न सांगता टूल बदलला आणि मागचे चाळीस नग पुन्हा मोजले. माल असा होता. घोटाळा झाला तो सगळा कागदावर.

आधी पॅलेटचं सांगतो. इथल्याच वखारीतून लाकडी पॅलेट करून घेतली, नग रचले, पट्ट्या आवळल्या. कंटेनर यायच्या आदल्या दिवशी क्लिअरिंग एजंटनं फोनवर सहज विचारलं, “सर, लाकडावर शिक्का आहे ना?” कसला शिक्का? लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून पॅकिंगचं लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवावं लागतं आणि तसा आंतरराष्ट्रीय शिक्का त्यावर मारलेला असावा लागतो. मला हे तोवर माहीत नव्हतं. रात्री साडेनऊला आम्ही सगळी पॅलेट फोडली. शिक्क्याचं लाकूड कोल्हापूरहून मागवलं आणि पहाटे चारला शेवटची पट्टी आवळली. नियम चांगलाच आहे. परदेशातली कीड आपल्या जंगलात यावी असं मलाही वाटत नाही. पण तो मला महिनाभर आधी कळला असता, तर अकरा माणसांची एक रात्र वाचली असती.

मग कोड. आमच्यासारख्या पाच कोटींच्या आतल्या उलाढालीच्या धंद्याला देशातल्या बिलावर एचएसएनचे, म्हणजे वस्तू ओळखायच्या कोडाचे, चार आकडे लिहिले की भागतं. मी आयुष्यभर ७३२५ लिहीत आलो, म्हणजे लोखंडाच्या ओतीव वस्तू. फौंड्रीवाल्याच्या बिलावर तोच असतो, म्हणून माझ्याही बिलावर तोच आला. निर्यातीला मात्र आठ आकडे लागतात. एजंटनं माझे चार घेतले आणि पुढचे चार आपल्या अंदाजानं लावले. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा सीमाशुल्काचा अर्ज, भरण्याआधी त्याची चेकलिस्ट व्हॉट्सॲपवर आली तेव्हा संध्याकाळचे साडेआठ वाजले होते. दोन पानं, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी. नाव बरोबर, नग बरोबर, रक्कम बरोबर दिसली. मी ‘ओके’ लिहून पाठवलं. त्या एका शब्दानं सगळी जबाबदारी माझ्यावर आली, हे मला नंतर समजलं.

नुसतं ओतलेलं लोखंड आणि मशीनवर चढून व्हॉल्व्हचाच भाग झालेलं लोखंड या जगाच्या व्यापारात दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या वस्तूची जागा ८४८१ मध्ये, व्हॉल्व्हच्या सुट्या भागांत. ग्राहकाच्या देशात त्याचा माणूस तोच कोड लावतो. माझ्या कागदावर कास्टिंग, त्याच्या कागदावर व्हॉल्व्हचा भाग. त्यानं खुलासा मागितला आणि कागद दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे पैसे थांबवले. निर्यातीवर परत मिळणाऱ्या करांचे दरही कोडाप्रमाणे बदलतात, म्हणजे त्या चार आकड्यांनी माझा तोही हिशेब चुकवला.

तिसरी चूक निव्वळ माझी. मी दोन बिलं केली होती. एक जीएसटीचं, रुपयांतलं. दुसरं ग्राहकाला पाठवायचं, युरोतलं. दोघांचे नंबर वेगळे होते. शिपिंग बिलात युरोच्या बिलाचा नंबर गेला आणि जीएसटी विवरणात रुपयांच्या बिलाचा. निर्यातीत शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरला जातो आणि दोन्हीकडचे नंबर संगणक ताडून बघतो. ते जुळले नाहीत तर पडद्यावर ‘एसबी००५’ एवढंच येतं. साडेनऊ लाखांच्या मालावर भरलेला १ लाख ७१ हजारांचा आयजीएसटी (आंतरराज्य आणि आयात-निर्यातीच्या मालावरचा जीएसटी) सात महिने अडकला. माझ्या अकरा माणसांचा एक महिन्याचा पगार होतो तो. एसबी००५ म्हणजे बिलाचा नंबर जुळत नाही, एवढं एक वाक्य समजायला मला दोन महिने लागले. पहिल्या महिन्यात आमचा अकाउंटंट जीएसटी नंबरच तपासत बसला होता.

महोदय, यातला एकही नियम मला अन्यायाचा वाटत नाही, हे मनापासून सांगतो. सीमाशुल्क म्हणजे सरकारची तिजोरी, देशातल्या कारखान्यांचं संरक्षण, बंदी असलेल्या मालावरची नजर. ते कडक असायलाच हवं. पण २०११ साली सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ मध्ये बदल झाला आणि वस्तू कुठल्या कोडात बसते, तिचं मूल्य किती, शुल्क किती, हे ठरवण्याचं पहिलं काम व्यापाऱ्यावर आलं. पूर्वी अधिकारी ठरवायचा. आता मी ठरवायचं, अधिकाऱ्यानं तपासायचं आणि मी चुकलो तर नोटीस मला. मी कबूल करतो. पण ज्या कागदावर मला स्वतः ठरवून सही करायची, तो मला वाचता यायला नको का?

भाषेचा प्रश्न आमच्याकडे असा होतो. राजभाषा नियम १९७६ प्रमाणे महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो आणि कर्नाटक ‘ग’ क्षेत्रात. ‘ग’ क्षेत्रातल्या माणसाला केंद्र सरकारचं पत्र इंग्रजीतून जातं. महाराष्ट्रातलं कागल आणि कर्नाटकातलं निपाणी यांच्यामध्ये वीस मिनिटांचा रस्ता. कागलच्या कारखानदाराला निदान हिंदी कागदाची आशा असते, निपाणीच्याला तीही नाही. माझ्या शेडमधली निम्मी माणसं घरी कन्नड बोलतात, निम्मी मराठी, आणि मशीनवर दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात. मराठीला मिळावं आणि कन्नडला नको, असं माझं म्हणणं अजिबात नाही. दोघांनाही मिळावं. राज्यघटनेच्या कलम ३५० नं मला माझं गाऱ्हाणं केंद्राच्या कुठल्याही अधिकाऱ्यापुढे माझ्या भाषेत मांडायचा हक्क दिला आहे, आणि त्याच हक्कानं हे पत्र मराठीत आहे. उत्तर समजून घेण्याचीही तितकीच गरज असते.

माझे आजोबा मडगावच्या नातेवाइकांकडे जायचे ते रेल्वेनं, कॅसलरॉकवरून. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडे गोव्यात पोर्तुगालचा अंमल होता, त्यामुळे कॅसलरॉकला गाडी थांबायची आणि ट्रंका उघडाव्या लागायच्या. आजोबा सांगायचे, तिथला शिपाई ट्रंकेत हात घालायच्या आधी डब्यात उभा राहून मोठ्यानं सांगायचा, हे चालतं, हे चालत नाही, ह्यावर पैसे पडतील. मराठीत, मग कोंकणीत. ज्याच्याकडे काही असेल तो स्वतःहून काढून द्यायचा. आजोबांचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं, पण कस्टम काय असतं ते त्यांना नीट समजलं होतं. सध्याचा सीमाशुल्क कायदा १९६२ चा, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षाचा. कायदा वाढला, वाढायलाच हवा होता. आधी सांगायची ती पद्धत मात्र वाटेत कुठंतरी मागे पडली.

आता अथणीची गोष्ट. तिथं माझ्या आजोळच्या गल्लीला लागून चपला करणारं एक घर आहे. त्या घरच्या कर्त्याला मी मामा म्हणतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं. रापीनं तासायचं, आरीनं भोक पाडायचं आणि चामड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळा लावायचा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि बेळगाव त्यांतला एक. दोन राज्यांची चर्मोद्योगाची दोन महामंडळं एका कागदावर आली, ही आमच्या भागासाठी मोठी गोष्ट आहे.

मामांच्या पुतणीनं मोबाइलवर फोटो टाकले आणि फ्रान्समधल्या एका दुकानदारीणबाईनं बारा जोड मागवले. आपल्या खात्यानं आणि डाक विभागानं मिळून २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं काढली, त्यामुळे लहान माणसाला पार्सलनं निर्यात करता येते. ही सोय फार मोलाची आहे. पुतणीनं फॉर्म उघडला. पुढे मामांचा मला फोन : “दादा, ह्या चौकोनात आकडे मागतंय. काय लिहायचं?”

मी त्या संध्याकाळी सीमाशुल्क दरपत्रकाचा चौसष्टावा अध्याय उघडून बसलो. पादत्राणं. तळ कशाचा, वरचा भाग कशाचा, घोटा झाकतो की नाही, असं करत करत ६४०३२० पाशी आलो. तिथं जे लिहिलंय त्याचं मराठी मी मामांना फोनवर वाचून दाखवलं : तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पावलावरून जाणारे आणि अंगठ्याभोवती फिरणारे चामड्याचे पट्टे. मामा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अहो, हे आमचंच की! पट्टा आणि अंगठा. हे कुणी लिवलं?”

हे सहा आकडे जगभर सारखे असतात, जागतिक सीमाशुल्क संघटनेनं ठरवलेले. पुढचे दोन आपल्या देशाचे. पॅरिसच्या कस्टममध्ये बसलेला माणूस मामांचं नाव जाणत नाही, अथणी त्याला माहीत नाही, पण त्याच्या पुस्तकात मामांच्या हातच्या वस्तूसाठी एक ओळ राखून ठेवलेली आहे. मामांनी हयातभर जी चप्पल केली तिचं असं वर्णन जगाच्या कायद्यात आहे, हे त्यांना सत्तरीत कळलं. ही ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये छापून अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागच्या प्रत्येक चांभार गल्लीत लावली, तर माझी खात्री आहे, लोक ती पाठ करतील.

मामांचे बारा जोड मात्र अजून गेलेले नाहीत. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, काढायला सरकारी शुल्क ५०० रुपये. नंबर म्हणजे आपला पॅनच. एका नेट कॅफेवाल्यानं त्याचे दोन हजार घेतले आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये ती माहिती ऑनलाइन पुन्हा पक्की करावी लागते, काही बदल नसला तरी, हे सांगितलंच नाही. जुलै उजाडला आणि नंबर निष्क्रिय झाला. आयईसीचं काम विदेश व्यापार महासंचालनालयाकडे असतं, आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे. पण मामांना सरकार एकच दिसतं, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

आयातीच्या बाजूला गोंधळ वेगळा आहे. शेजारच्या शेडमधल्या माझ्या मित्रानं स्पिंडलचा भाग बाहेरून मागवला. पुरवठादारानं सांगितलेली किंमत त्याच्या कारखान्याच्या दारातली होती. मित्रानं त्यावरच शुल्काचा हिशेब केला. शुल्क लागतं ते भाडं आणि विमा धरून आपल्या बंदरापर्यंतच्या किमतीवर, आणि भाड्याचा, विम्याचा कागदच नसेल तर जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. आमच्याकडे शिकाऊ मुलं येतात त्यांना आता मी पाटीवर हिशेब मांडून दाखवतो. सगळं धरून मालाची किंमत १ लाख. यंत्रांच्या बऱ्याच भागांवर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे ७,५००. त्या साडेसात हजारांवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ७५०. झाले १ लाख ८ हजार २५०. आता या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, १९,४८५. एकूण भरणा २७,७३५. मुलं दचकतात. मग मी सांगतो, आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढच्या करात वळता होतो, खिशातून खरे गेले ८,२५०. पण १९,४८५ रुपये त्या दिवशी हातात लागतात, आणि लहान माणूस नेमका तिथंच अडतो.

मित्राचा हिशेब चुकला, पैशाची जुळवाजुळव करण्यात दिवस गेले. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा तसाच अर्ज, माल बंदरात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशिराचे पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार. पाच दिवसांत ३५ हजार झाले, बंदरातलं भाडं वेगळं. तपासणी आता बिनचेहऱ्याची झालीय. माल मुंबईत असला तरी कागद भलत्याच शहरातला अधिकारी तपासतो. ओळखीपाळखीचा कारभार त्यामुळे गेला, याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. पण त्या अधिकाऱ्यानं विचारलेली एका ओळीची इंग्रजी शंका मित्राच्या एजंटपाशी दोन दिवस पडून राहिली, कारण ती कुठल्या भागाबद्दल आहे हेच त्याला उमगेना. मित्राला समोर बसवून मराठीत विचारली असती, तर त्यानं तो भाग हातात घेऊन दोन मिनिटांत दाखवला असता.

आपल्या खात्यानं आमचा विचार केलेला नाही असं नाही. २०२५ च्या वित्त कायद्यानं कलम १८अ आणलं आणि माल सुटून गेल्यावरही आपली चूक आपण स्वतःहून दुरुस्त करायची वाट दिली. कोडाबद्दल शंका असेल तर आधीच निर्णय मागता यावा म्हणून मुंबईत आणि दिल्लीत प्राधिकरण आहे. या दोन गोष्टी मी उद्यमबागेत, मच्छ्यात, होनग्याला जेवढ्यांना विचारल्या, त्यांतल्या एकालाही माहीत नव्हत्या. प्रामाणिक माणसासाठी केलेली सोय प्रामाणिक माणसापर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्याला फसवायचंय त्याला सगळ्या पळवाटा ठाऊक असतात.

म्हणून माझी मागणी. महिन्यातून एक दिवस आपला एक जाणकार अधिकारी आमच्या भागात येऊन बसावा. एक महिना उद्यमबागेत, एक महिना निपाणीत, एक महिना अथणीत. बेळगावात केंद्रीय जीएसटीचं आयुक्तालय आहे, तेही आपल्याच मंडळाखाली येतं, म्हणजे माणसं नव्यानं नेमायची गरज नाही. त्यानं नोटीस घेऊन येऊ नये, दरपत्रकाचं पुस्तक घेऊन यावं. आम्ही आमची वस्तू टेबलावर ठेवू, त्यानं ती बघावी आणि कोड का तोच ते मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगावं. त्या दिवशी सांगितलेलं त्यानं कागदावर लिहून द्यावं. पुढे मतभेद झाला तर तो कागद आमच्या सद्हेतूचा पुरावा मानला जावा. एवढ्याच मुद्द्यावर मी हट्ट धरणार आहे, कारण तोंडी सल्ला देणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

त्याखेरीज शिपिंग बिलाची आणि बिल ऑफ एंट्रीची चेकलिस्ट. तिचे रकाने ठरलेले असतात, रोज बदलत नाहीत. प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत आणि कन्नडमध्ये एकदा लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवला, तर ‘ओके’ लिहिण्याआधी माणूस ताडून बघेल. एसबी००५ सारख्या खुणांचंही तसंच. चार पानांचं काम आहे. भाषांतर करायला आपल्याकडे माणूस नसेल तर आम्ही करून देऊ. बेळगावात दोन्ही भाषा उत्तम जाणणारे शिक्षक गल्लोगल्ली आहेत, आणि हे काम ते आनंदानं करतील.

जागेचा प्रश्न येणार नाही. माझ्या शेडला पुढे एक खोली आहे, वीस खुर्च्या मावतात. संध्याकाळी सहानंतर मशीन बंद असतात, आवाज नसतो. मामांनी एप्रिलमध्ये आयईसी अपडेट करून घेतली आहे आणि बारा जोडांचा खोका पुतणीनं पुन्हा बांधायला काढला आहे. फॉर्ममध्ये अजून तीन रकाने रिकामे आहेत, ते मलाही नक्की ठाऊक नाहीत. पहिल्या दिवशी आपल्या अधिकाऱ्यापुढे मामांचा तो फॉर्म ठेवायचं आम्ही ठरवलं आहे. तारीख कळवावी.

आपला,
उद्यमबागेतला एक लघुउद्योजक,
बेळगाव